गप्प बसायचा पगार

आमच्या वन्संना गप्प बसायचा पगार मिळतो, असं मी शेजारणीला सांगितलं, तर ती बाई हसता हसता दाराला टेकली. तिचं काही चुकलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या आमच्याकडे येतात तेव्हा आधी जिन्यात आवाज येतो, मग चपला वाजतात आणि सगळ्यात शेवटी वन्सं येतात. त्यांना गप्प बसवणं आम्हा घरच्यांना कधी जमलं नव्हतं. ते नगरपालिकेनं पगार देऊन करून दाखवलं.

अर्धं आयुष्य त्यांनी नगरपालिकेच्या बसस्थानकावर तिकीटखिडकीत काढलं. पलीकडचा माणूस खिशात सुटे पैसे शोधेपर्यंत वन्सं चौकशा करत करत त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलेल्या असत. मागच्या रांगेला घाई असे, पण ओरडत कुणी नसे, कारण नंबर आला की आपलीही विचारपूस होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिकिटं देणारी यंत्रं आली. यंत्र कुणाची चौकशी करत नाही, त्यामुळं रांग भराभर सरकते. खिडकी बंद झाली आणि वन्संची रवानगी नगररचना विभागात झाली. जास्तीची झालेली माणसं तिकडे धाडायची तिथं पद्धतच होती.

त्या विभागाच्या मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या. हुशार, आणि हुशार असूनही दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या. असं माणूस विरळाच. त्या वेळी मोठ्या चौकाच्या एका कोपऱ्यावरून वाद चालू होता. कोपरा म्हणजे एक डेरेदार झाड, त्याखाली लांब बाक आणि भोवती फरसबंदी. व्यापारी मंडळ म्हणत होतं, तिथं कुणी बसत नाही, जागा वाया जाते, गाड्या लावायला द्या. मॅडमनी बैठकीत विचारलं, "कुणी बसत नाही, हे कुणी तिथं बसून पाहिलंय का?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले आणि वन्संना काम लागलं.

काम असं. चौकाचा नकाशा छापलेला कागद फळीवर लावायचा आणि दुपार कलली की बाकाच्या टोकाला जाऊन बसायचं. थोड्या थोड्या वेळानं मान वर करायची आणि त्या क्षणी कोण कुठं आहे ते कागदावर मांडायचं. बसलेल्या माणसाला गोल, उभ्याला फुली, चालत्याला बाण. लहान मुलांचं काय करायचं ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. मुलं बसलेली नसतात, उभी नसतात आणि त्यांना चालती म्हणणं तर धाडसाचंच. वन्संनी त्यांच्यासाठी भोवऱ्यासारखी गरगर काढायला सुरुवात केली. मॅडमनी ती मान्य केली, इतकंच नाही तर पुढच्या नकाशावर खुणांच्या चौकटीत छापून घेतली. त्या दिवशी वन्संनी आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

पण खरा नियम वेगळाच होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "काकू, आपण तिथं नाहीच असं समजून बसायचं. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. आपल्यामुळं माणसं वेगळी वागायला लागली, तर आपण चौक मोजत नाही, स्वतःलाच मोजतो."

"मी तिथं नाही असं कसं समजू ग?" वन्संनी घरी येऊन मला विचारलं. "त्या बाकाला विचार मी आहे की नाही ते."

"ताई, दोन दिवसांत काढतील तुला," माझे यजमान म्हणाले.

पण बाईनं पाळलं. मला खरं वाटेना म्हणून मी एकदा लांबून बघून आले. वन्सं मूग गिळून बसल्या होत्या. कुणी शेजारी येऊन बोललं तर मान डोलवायच्या, हसायच्या, पुन्हा कागदात बघायच्या. तोंडातून अवाक्षर नाही. आणि गंमत अशी, की उत्तर न देणाऱ्या माणसाशी लोकांना फार बोलावंसं वाटतं. जो तो येऊन त्यांना आपलं सांगून जाई.

बाकावर असं साठलेलं सगळं संध्याकाळी माझ्या शिलाई मशीनवर सांडायचं. मी घरी कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, पँटची उंची कमी करणं. कामात असले की माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळं मलाही उलट बोलता येत नाही. वन्सं अशा वेळी मला साखरेहून गोड म्हणायच्या.

मला स्वतःला हे चौकात बसणं कधी कळलंच नाही, हे सांगून टाकते. घरात चांगली पाठीची खुर्ची असताना माणसानं उघड्यावर का बसावं? पण वन्संच्या कृपेनं त्या कोपऱ्यातली माणसं मला पाठ झाली. एक नर्स होती, दवाखान्यातून सुटली की दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची. बुद्धिबळ खेळणारे दोन म्हातारे होते. त्यातला एक चाल खेळला की झाडाला फेऱ्या घालत सुटायचा आणि दुसरा तोवर विचार करत बसायचा. वन्सं त्यांना घोडा आणि हत्ती म्हणायच्या. जुळ्यांची आई होती. आणि समोरचा किल्लीवाला, तो आपली पेटी उचलून घटकाभर झाडाखाली टेकायला यायचा.

सुरुवातीला वन्संचे कागद कोरेच असायचे, चार बाण इकडून तिकडे. मग हळूहळू झाडाखाली गोल उमटायला लागले. गोलांजवळ फुल्या, फुल्यांभोवती गरगर. वन्सं मला कागद दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघ, माणसं उगवलीत नुसती!" मॅडमही खूश होत्या. बैठक जवळ आली होती. हे कागद पुढं ठेवले की कोपरा वाचणार, याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती.

आणि वन्संची दाढ सुजली.

सकाळी उठल्या तर एक गाल उशीएवढा. डॉक्टरनं घरी पडून राहायला सांगितलं. नोंदीत खंड पडून चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी मॅडमना फोन करून विचारलं आणि मग फळी माझ्या हातात दिली.

"तू बस आजच्या दिवस. तुला तर गप्प बसायला शिकवावंही लागणार नाही."

मी गेले. बाकाच्या टोकाला बसले, पेन्सिलीला टोक काढलं आणि वाट बघायला लागले. सगळी ओळखीचीच येणार, मला नुसते गोल काढायचे. पहिली नर्स आली. मला बघून थबकली. बाकाकडे बघितलं, आपल्या पिशव्यांकडे बघितलं, "त्या नाहीत का आज?" असं विचारलं आणि मी मान हलवल्यावर निघून गेली. जुळ्यांच्या आईनं बाबागाडी बाकाजवळ आणली, मला न्याहाळलं आणि दोन्ही पोरांचे पट्टे आवळून चालती झाली. घोडा आणि हत्ती आले. पट मांडला, पण घोडा काही फेऱ्यांना जाईना. त्याची काठी, टोपी, चष्म्याचं घर, सगळं तो मांडीवर घेऊन बसला आणि डाव अर्धा टाकून दोघं घरी गेले. किल्लीवाल्यानं तर पेटीला हातच लावला नाही. मी अंधार पडायला लागेपर्यंत बसले आणि माझ्या कागदावर बाणांखेरीज काही नव्हतं.

माझा चेहरा काही प्रेमळ नाही, मला माहीत आहे. लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, सून चांगली आहे, फक्त फोटोत रागावलेली येते. पण अख्खा कोपरा ओस पडावा इतकं काही माझं तोंड वाईट नाही. मला रागच आला. उठले आणि तडक किल्लीवाल्यापुढं उभी राहिले.

"का हो, आज सगळ्यांना झालं काय? मी खाते का कुणाला?"

"तसं नाही हो, बाई," तो बिचारा ओशाळला. "पण त्या सामान बघतात ना सगळ्यांचं."

"कुणाचं सामान?"

"सगळ्यांचं. नर्सबाई पिशव्या ठेवतात आणि पाय मोकळे करतात. आजोबा काठीबिठी ठेवतात. त्या जुळ्यांच्या आईचं एक पोर पळालं की दुसरं गाडीत असतं, त्याच्याकडे त्या बघतात. माझी पेटी असते. त्या कुठं जात नाहीत, बोलत नाहीत, रोज एकाच जागी. मग माणूस निर्धास्त होतो. आता तुमची ओळख ना पाळख."

मी घरी आले. वन्सं गालाला फडकं बांधून आमच्याकडेच पडल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. आधी तर बाई इतक्या सुखावल्या, की दाढ विसरून उठून बसल्या.

"म्हणजे माझ्यावाचून पान हलत नाही म्हण की! नियम मी मोडला नाही हं. बोलले का मी? नाही. त्यांनी विचारलं, 'बघता का जरा?' मी मान हलवली. त्यात काय मोठंसं? बघायचंच तर काम होतं माझं." आणि हसायला लागल्या, गाल धरून, डोळ्यांत पाणी येईतोवर.

मग एकदम थांबल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हसू जिथल्या तिथं राहिलं आणि डोळे गंभीर झाले.

"अगं, मग ते गोल..." त्या म्हणाल्या. "ते सगळे गोल माझ्यामुळं आहेत."

मी त्यांच्या गालावरचं सुटलेलं फडकं पुन्हा बांधलं.

"मॅडमनी सांगितलं होतं. स्वतःलाच मोजतो म्हणून. मी इतके दिवस स्वतःलाच मोजत बसले."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणाले. "कागद दिलेत ना? गोल काही खोटे नाहीत. माणसं खरीच बसली होती. बैठक होऊ दे, कोपरा वाचू दे."

"आणि उद्या मी निवृत्त झाले की? कोपरा राहील, माणसं जातील. मग ते व्यापारी म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आणि मॅडमचं नाव जाईल ते वेगळंच."

रात्री जेवताना त्यांना घास गिळवत नव्हता, तो दाढेमुळं की कशामुळं कोण जाणे. मला त्यांची कीव आली. आयुष्यात पहिल्यांदा बाई तोंड मिटून बसली, तर त्या तोंड मिटण्यानंही माणसं गोळा केली!

दुसऱ्या दिवशी सुजल्या गालानं त्या कचेरीत गेल्या. मी बरोबर होते. वन्संनी सगळं सांगितलं, पिशव्या, काठी, पोर, पेटी, काही लपवलं नाही. मॅडम ऐकत होत्या. बैठकीला आठवडाच उरला होता आणि अहवाल टाइप होऊन टेबलावर पडला होता. त्यांनी तो उचलून खणात टाकला.

"काकू, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "आता एकच उपाय. तुम्ही नसताना काय होतं ते बघायचं."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"तर तसं लिहायचं."

वन्संनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "लिहा. पण आठवडाभर बघा. एका दिवसावर जाऊ नका. माणसाला सवय मोडायला आणि लावायला वेळ लागतो."

"आठवडाभर बघू," मॅडम म्हणाल्या.

असं ठरलं. कॉलेजच्या दोन मुली चौकातल्या एका दुकानाच्या माडीवर खिडकीआड बसून नोंद करणार, म्हणजे कुणाला दिसायला नकोत. आणि वन्संनी त्या बाजूला फिरकायचं सुद्धा नाही.

तसा आठवडा शत्रूच्याही वाट्याला न येवो. वन्संना घरात एकटं राहवेना, म्हणून त्या रोज आमच्याकडे. आल्या आल्या त्यांनी माझी दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणं लावली. मी ती कामाप्रमाणं लावलेली होती. बटणं आकाराप्रमाणं निवडली. गिऱ्हाईक आलं की कपडा हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "चौकातून आलात का?" एक बाई चेन बदलून घ्यायला आली होती, ती दवाखान्यात कामाला आहे असं कळलं आणि वन्संचे डोळे चमकले.

"मग ती नर्स ओळखत असशील तू. तिला म्हणावं, संध्याकाळी झाडाखाली—"

"वन्सं!" मी टाचण्या थुंकून ओरडले. "हे म्हणजे पेपर फोडणं झालं!"

त्या वरमल्या. ती बाई गेल्यावर हळूच म्हणाल्या, "खरं ग. पण जीव राहत नाही."

मला कळत होतं. माझाही राहत नव्हता. मी, जिला चौकात बसणाऱ्यांचा कंटाळा, ती मी बाजारात जाताना लांबचा वळसा घालून जात होते, माझ्या सावलीनंही तिथं काही बिघडू नये म्हणून. रात्री पडल्या पडल्या मला तो घोडा दिसे, काठी आणि टोपी मांडीवर घेऊन बसलेला. इतका का जीव गुंतावा माझा त्यात, मी तर त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते!

बैठकीच्या दिवशी दुपारी मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या. काखेत नकाशांची गुंडाळी. वन्सं पाणी आणायला उठल्या, पण दोन पावलांवरूनच परत वळल्या.

"आधी सांगा," त्या म्हणाल्या.

"राहिला," मॅडम म्हणाल्या. "कोपरा राहिला. गाड्यांसाठी बसस्थानकामागची जागा बघतायत."

वन्संनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली, मला धरून गदागदा हलवलं आणि मशीनवरचा कुणाचातरी सदरा मॅडमच्या हातात पाणी म्हणून दिला. मग आम्ही तिघी पोट धरून हसलो. माझे यजमान आतून धावत आले, काय झालं म्हणून.

मग मॅडमनी सतरंजीवर नकाशे पसरले. पहिले दोन दिवस कोपरा ओसच होता. माणसं यायची, बाकाचं रिकामं टोक बघायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी घोडा आणि हत्ती नेटानं बसले. नर्स आली, उभी राहिली, निघणार इतक्यात हत्तीनं पटावरची नजर न काढता हातानं खूण केली, ठेवा इथं. तिनं पिशव्या ठेवल्या. फेरी मारून आली तेव्हा घोड्याची काठी घसरून पडत होती, ती तिनं धरली आणि घोडा फेऱ्यांना सुटला. पाचव्या दिवशी जुळ्यांतलं एक पोर पळालं तेव्हा दुसऱ्याची गाडी किल्लीवाल्यानं पायानं झुलवली.

"तुम्ही होतात तेव्हाइतकी माणसं नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तेही लिहिलं मी. पण आधी जिथं एक माणूस सगळ्यांचं सामान बघत होता, तिथं आता सगळे एकमेकांचं बघतायत. तुमच्याबद्दलही लिहिलं, काकू. सगळं. समितीत एक जण म्हणाला, ही तर चूक झाली. मी म्हटलं, हो, झाली, आणि या अहवालात कळण्यासारखं जे काही आहे ते त्या चुकीतूनच कळलंय."

वन्सं नकाशावर वाकल्या होत्या. प्रत्येक गोलावर बोट ठेवून विचारत होत्या, हा कोण, ही कोण. मॅडमना जेवढं माहीत होतं तेवढं त्या सांगत होत्या. मग वन्सं बोट न उचलता म्हणाल्या, "माझी चौकशी केली का कुणी?"

मॅडमनी नकाशाची एक कड सारखी केली. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "माडीवरून ऐकू येत नव्हतं, काकू," त्या म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर वन्सं मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या. डोळे लाल होते आणि तोंडभर हसू. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "मी नसले तरी चालतं. तेच तर बघायचं होतं." त्या आनंदात होत्या, अगदी मनापासून. आणि त्यांना लागलंही होतं. दोन्ही खरं होतं. मला त्या क्षणी त्यांचा इतका लळा वाटला, की मी टाचण्यांची डबी उगीचच उघडझाक करत राहिले.

दुपार कलली. रोजची त्यांची निघायची वेळ झाली. त्या उठल्या, पदर सारखा केला, चपलेत पाय घातला आणि दारात थांबल्या. हातात फळी नव्हती, कागद नव्हता. काम संपलं होतं.

"अगं," त्या म्हणाल्या, "आता मी तिथं कोण म्हणून जाऊ?"

"कोण म्हणून म्हणजे?" मी म्हणाले. "लोक जातात तसं जायचं."

त्यांनी चपलेतला पाय काढून पुन्हा घातला. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी मशीनवर कापड टाकलं, दिवा मालवला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

झाडाखाली गर्दी होती. बाक टोकापर्यंत भरलेला, वन्संच्या जागी कुणी अनोळखी बाई शेंगा सोलत बसलेली. वन्सं लांबच उभ्या राहिल्या, पाहुण्यासारख्या. तेवढ्यात हत्तीनं मान वर केली. त्यानं फक्त पट थोडा अलीकडे ओढला. नर्सनं पिशव्या मांडीवर घेतल्या. किल्लीवाला पेटीसकट सरकला, त्याच्या धक्क्यानं शेंगावाली सरकली आणि मधोमध एका माणसापुरती जागा झाली.

वन्सं बसल्या. मग माझ्याकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, "अगं, उभी काय? सरकतील अजून!"

आणि ते सरकले.